एकटीनं झोपायची सवय

पलंग काही केल्या जिन्यातून वर जाईना. दिल्लीत पालमच्या साध नगरातल्या त्या गल्लीतले जिनेच असे, की गॅसचा सिलिंडर वर चढत असेल तर खाली उतरणाऱ्या माणसानं पुन्हा आपल्या घरी जाऊन बसावं. आणि पलंग चांगला सहा फूट रुंद, खाली पेटी असलेला. शेवटी दुकानातल्या माणसांनी दोर बांधून तो गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावर ओढला. खाली हवालदार बळवंत शेलार कमरेवर हात ठेवून “आहिस्ता, आहिस्ता” करत उभा होता. फौजेतून निवृत्त होऊन घरी आल्याला त्याला अकरा दिवस झाले होते. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आपापल्या गॅलरीत आल्या, आणि शेलारांकडे डबल बेड आल्याची बातमी दवंडी न पिटता सगळीकडे झाली. प्रभावती, म्हणजे त्याची बायको, लाजून स्वयंपाकघरात जाऊन बसली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. बळवंतनं तर अंथरूण घेताना खोलीसुद्धा पाहिली नव्हती. पलंग लागल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडायला लागलं, आणि पलीकडच्या बाजूला जायचं तर पलंगावरूनच जावं लागायचं. त्यावर आठ इंची फोमची गादी, आणि गादीवर मेंदी रंगाची गुळगुळीत मखमली चादर. चादर त्यानं स्वतः निवडली होती. त्या माणसानं जन्मात कधी रुमालसुद्धा स्वतः निवडला नव्हता. प्रभावती म्हणाली, छान आहे.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यातली एका छपराखाली किती गेली, हे वैभवीनं, त्यांच्या मुलीनं, एकदा मोजून काढलं होतं. वर्षाची दोन महिने रजा, आणि दोनदा कुटुंबासह राहता येईल अशी बदली मिळाली तो काळ. सगळं मिळून सहा वर्षंही भरली नाहीत. बाकीची वर्षं प्रभावतीनं आधी कोरेगावजवळच्या सासरी काढली, मग वैभवीच्या शाळेसाठी दिल्ली कॅंटोन्मेंटमधल्या क्वार्टरमध्ये, आणि नंतर या फ्लॅटमध्ये. क्वार्टरमध्ये सगळ्या सीमेवर गेलेल्यांच्या बायका. तिथल्या जुन्या बायका नव्या बाईला दोन गोष्टी पहिल्या आठवड्यातच शिकवायच्या. फोनवर रडगाणं सांगायचं नाही, आणि हुकूम आला की माणसाला अडवायचं नाही. तो तिकडे बंदूक घेऊन उभा आहे, त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं पाहिजे. प्रभावतीला हे शिकवायची गरजच नव्हती. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग वैभवीला डेंग्यू झाला तेव्हा प्रभावतीनं त्याला ती बरी होऊन शाळेत जायला लागल्यावर सांगितलं. आणि बळवंतच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं गेली, ती प्रभावतीला कळली चार महिन्यांनी, तो रजेवर येऊन मोजे काढून बसला तेव्हा. फिटंफाट झाली. दर रविवारी संध्याकाळी तो विचारायचा, “बाकी सगळं ठीक?” आणि ती म्हणायची, “सगळं ठीक.” एवढ्या दोन वाक्यांवर त्यांचा संसार बावीस वर्षं चालला, आणि तसा बराच चालला.

पलंग आला त्या दिवशी जेवण झाल्यावर बळवंत त्याच्या कडेला बसला आणि हातानं गादी दाबून बघत म्हणाला, “बावीस वर्षं मी एका माणसाच्या मापात झोपलो. बंकरमध्ये, बराकीत, गाडीच्या बर्थवर. तेव्हाच ठरवलं होतं, घरी गेलो की पहिली ही वस्तू घ्यायची.” असलं काही तो यापूर्वी कधी बोलला नव्हता. प्रभावतीला फार आनंद झाला. तिनं उगाच उशीचा अभ्रा सारखा केला.

नेमकं अशा वेळी तिच्या अंगात ते सुरू होऊन तीन महिने झाले होते.

पहिल्यांदा झालं ते जानेवारीत, दिल्लीच्या ऐन थंडीत. झोपेत छातीत कुणी चूल पेटवल्यासारखं झालं. झळ गळ्यावरून कानांपर्यंत चढली आणि ती रजई भिरकावून उठून बसली. अंग घामानं निथळत होतं. पाच मिनिटांत तोच घाम गार पडला आणि दात वाजायला लागले. तिला वाटलं, रजई फार जाड झाली. दुसऱ्या दिवशी तिनं आईनं जुन्या लुगड्यांची शिवून दिलेली वाकळ काढली. वैभवीला वाकळ हा शब्दही माहीत नव्हता, ती त्याला “ती पुरानी गोधडी” म्हणायची. वाकळ सुती, घाम पिऊन घेणारी. खाली जमिनीवर कापसाची पातळ गादी. प्रभावतीनं आपली एक पद्धत बसवली. उशाशी दोन कोरडे गाऊन, एक ओला पंचा, पाण्याचा तांब्या. जाग आली की पंचा मानेवर, गाऊन बदलायचा, उशी उलटी करायची, पुन्हा आडवं व्हायचं. एकटीच्या खोलीत कुणाला काय कळतंय? चव्वेचाळिसाव्या वर्षी हे लवकर आहे असं तिला वाटलं, पण पाळीही कधी दोन महिन्यांनी, कधी अडीच महिन्यांनी यायला लागली होती. ती समजायचं ते समजली.

पलंग आल्यावर कापसाची गादी आणि वाकळ पलंगाच्या पेटीत गेली. बळवंतनंच घडी घालून ठेवली. म्हणाला, आता जमिनीवर झोपायचे दिवस संपले.

फोमच्या गादीत कणकेत बोट रुतावं तसं अंग रुतायचं. रुतलं की चारही बाजूंनी ऊब धरून ठेवायची ती गादी, आणि वरून मखमली चादर, जिच्यातून घामाचा थेंबसुद्धा खाली झिरपत नसे. त्याच घामात ती लोळत राहायची. खालच्या पेटीमुळे वारा लागायचा प्रश्नच नव्हता. एप्रिल लागला. दिल्लीतल्या माणसांनी कूलरमध्ये वाळ्याचे नवे पडदे भरले. पण बळवंतच्या पायांना वारा सहन होईना. कूलर लावला की त्याची उरलेली बोटं ठणकायची आणि पहाटे खोकला सुरू व्हायचा. तो एप्रिलमध्येही मोजे घालून झोपायचा. त्याच्या अंगात वीस वर्षांचं बर्फ साचलेलं आणि हिच्या अंगात आग. देवानं जोडी लावली, पण तारखा जुळवायला विसरला.

तिनं आपल्या परीनं खूप खटपट केली. मखमली चादर काढून सुती घातली, तर त्यानं विचारलं, तुला रंग आवडला नाही का? ती म्हणाली, छे, धुवायला काढलीय. दोन दिवसांनी तिनं मुकाट्यानं ती पुन्हा घातली. पाठीखाली ओला टॉवेल घेतला, तर फोमनं तो पाण्यासकट गरम केला. रात्रीचा चहा सोडला, आमटीत तिखट कमी केलं. बळवंतला ती सपक लागायची, पण तो वाटी संपवायचा. उठबस करताना आवाज होऊ नये म्हणून ती श्वास धरायची. पण फौजीची झोप ती. पान हललं तरी जागा. “काय झालं?” “काही नाही, पाणी प्यायला उठले.” एकदा त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दचकून काढून घेतला. पाठ चिंब होती. “ताप आहे का तुला?” “नाही हो. सगळं ठीक आहे.”

सांगायचं नाही का बाईनं? सरळ सांगायचं, अहो, माझी पाळी जायला आलीय, अंगातून वाफा निघतात, या गादीवर माझा जीव जातोय. चार वाक्यं. पण तिला ती चार वाक्यं जमली नाहीत, आणि कारण काही फार मोठं नव्हतं. तिला लाज वाटली. आयुष्यभर वाट बघून माणूस घरी आला, हौसेनं डबल बेड घेतला, त्याच्यावर बसून मनातलं बोलला, आणि त्याला पंधराव्या दिवशी काय सांगायचं, की तुम्ही यायला उशीर केलात, मी म्हातारी झाले? तिच्या आईलाही हेच झालं असणार. प्रभावती चौदा-पंधरा वर्षांची असताना आई दोन वर्षं उघड्या ओसरीवर, सारवलेल्या जमिनीवर, खाली काही न घालता झोपायची. घरातले म्हणायचे, तिला मोकळ्यावर आवडतं. आईनं कधी कुणाला खरं सांगितलं नाही, लेकीलाही नाही. त्यामुळे लेकीला हे कसं सांगतात तेच ठाऊक नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं गॅलरीत चटई टाकली. डोक्यावरून विमानं जायची, खाली कुत्री भांडायची, डास फोडून खायचे, पण चटईखालची फरशी गार होती. आधी एक रात्र, मग दोन, मग रोजच. शेजारची ममता, हरियाणाकडची बाई, कठड्यावरून वाकून म्हणाली, “दीदी, भाई साहब से झगड़ा हुआ क्या?” प्रभावती हसली. पण ममतानं पाहिलं म्हणजे गल्लीनं पाहिलं.

त्या सकाळी ती भाकरी थापत होती आणि बळवंत मागं खुर्चीवर चहा घेत बसला होता. तो म्हणाला, “बाहेर का झोपतेस?”

तिनं सबब तयारच ठेवली होती. रात्री चटईवर पडल्या पडल्या तिनं ती नीट घोळवली होती. तिच्यात अंगाचं काही नव्हतं, वयाचं काही नव्हतं, आणि कुणाचा दोषही नव्हता. तव्याकडे तोंड करून ती हसत म्हणाली, “मला ना, इतक्या वर्षांची एकटीनं झोपायची सवय झालीय. शेजारी माणूस असलं की झोपच लागत नाही.”

 मागं कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“बरोबर आहे,” बळवंत म्हणाला, आणि पेपर वाचायला लागला.

तिला हायसं वाटलं. भाकरी टम्म फुगली होती, ती तिनं ओट्यावरच्या त्याच्या ताटात टाकली. बिचारीनं मागं वळून त्याचा चेहरा पाहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण भाकरी तव्यावर असताना कोण मागं वळून बघतं?

त्यानंतर बळवंतनं तो विषय काढला नाही. तो एवढ्या मोठ्या पलंगाच्या एका कडेला, भिंतीकडे, सरळ झोपायचा. पहाटे पाचला उठून चादरीच्या घड्या अशा घालायचा की बराकीतल्या तपासणीत उत्तीर्ण व्हाव्यात. मग कॅंटोन्मेंटपर्यंत चालत जायचा आणि दहाला परत यायचा. घरात वस्तू घेण्याआधी विचारायला लागला. ही खुर्ची घेऊ का, हा टॉवेल कुणाचा आहे. पाहुणा विचारतो तसं. प्रभावतीला वाटलं, याला घरी करमत नाही. निवृत्त झालेल्या पुरुषांना नाहीच करमत, क्वार्टरमधल्या बायकाही असंच म्हणायच्या. ती त्याच्यासाठी थालीपीठ लावायची, त्याच्या पायांना रात्री तेल चोळून द्यायची. तेल चोळून झालं की चटई घेऊन बाहेर जायची. एखाद्या रात्री जाताना उंबऱ्याशी तिचं पाऊल अडायचं. तो डोळे मिटून पडलेला असायचा. झोपला असं समजून ती जायची. तो झोपलेला नसायचा.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. निवृत्त फौजींना पुन्हा वर्दी देणारं एक दल आहे, लष्कराचे डेपो आणि कारखाने राखणारं. वयाची अट संपायला थोडेच महिने उरलेले असताना बळवंतनं कुणाला न सांगता अर्ज केला होता, धावून दाखवलं होतं, कागद दिले होते. निवड झाली. हवालदारकी गेली, पुन्हा साधा शिपाई म्हणून उभं राहायचं. आधी कन्नूरला ट्रेनिंग, मग पाठवतील तिथं. दहा वर्षं.

हे त्यानं जेवताना सांगितलं. “सहा तारखेला निघायचंय,” म्हणाला, आणि घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

प्रभावतीच्या हातातली पळी आमटीतच राहिली. पण बावीस वर्षांत तिनं असा हुकूम चौदा-पंधरा वेळा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड जे बोललं तेच आताही बोललं. “बरं. शेंगदाण्याची चटणी किती देऊ?”

बळवंतनं घास तोंडात घातला. “दे,” तो म्हणाला. “नेहमीइतकी.”

वैभवी तेवढी बोलली. ती गुरुग्रामच्या एका ऑफिसात नुकतीच लागली होती, सकाळी मेट्रोनं जायची ती रात्री आठला यायची, आणि घरात आली की कानात हेडफोन. त्या दिवशी हेडफोन काढून तिनं बापाला विचारलं, की पप्पा, अभी तो आए हो यार, काय गरज आहे? बळवंत म्हणाला, घरी बसून करायचं काय? त्यानं पुन्हा प्रभावतीकडे पाहिलं. ती शेंगदाणे भाजत होती. खरपूस वास सुटला होता. तिला वाटत होतं, आता पोरीनं अडवलंय तर थांबेल कदाचित. तिनं स्वतः अडवावं हे तिला सुचलंही नाही. हुकूम आलेल्या माणसाला बायकोनं अडवायचं नसतं, एवढं एकच तर ती आयुष्यभर मन लावून शिकली होती. पण हा हुकूम आलेला नव्हता. हा त्यानं मागून घेतला होता, आणि दोन्हींत किती फरक असतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सहा तारखेला तिनं त्याच्या हातावर दही घातलं. निघताना तो खोलीत वळून म्हणाला, “आता पलंग तुझा.” ती हसली. निजामुद्दीन स्टेशनवर रडायचं नसतं म्हणून रडली नाही.

त्यानंतर त्याचा शब्द म्हणून ती खरोखरच पलंगावर झोपायला लागली, आणि गॅलरीतली गार फरशी सुटल्यानं हाल आणखी वाढले. घाम तेवढाच, गादी तीच, फक्त उठताना श्वास धरायचं कारण राहिलं नाही. सप्टेंबरातल्या एका रविवारी वैभवी कपडे वाळत घालायला गेली तर दोरीवर तीन गाऊन आधीच टांगलेले. ती म्हणाली, मम्मी, रोज तीन गाऊन? मग तिनं आईकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, गळ्याची हाडं वर आली होती. प्रभावती म्हणाली, सगळं ठीक आहे. वैभवी म्हणाली, हे पप्पांना सांग, मला नाही. आणि तिनं आईला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाई पोक्त होत्या. त्यांनी आधी छातीचा फोटो काढायला लावला, कारण दिल्लीत रात्री घाम फुटतो म्हटलं की टीबीची शंका पहिली. थायरॉईडही तपासलं. दोन्ही स्वच्छ निघालं. मग त्यांनी सांगितलं, की हे पाळी जायच्या दिवसांतलं आहे, पुष्कळ बायकांना होतं, काहींना वर्षानुवर्षं राहतं. फार झालं तर औषधं आहेत, पण आधी हे सांगा, झोपता कशावर? प्रभावतीला वाटलं, डॉक्टर गादीचं का विचारतेय? फोम ऐकल्यावर बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, फोम ऊब धरतो, कापूस सोडतो. चादर सुती, पातळ, धुऊन मऊ झालेली. पांघरूण एक जाड नको, दोन-तीन पातळ घ्या, म्हणजे एक-एक करून काढता येतात. अंगातला गाऊन सैल. मान आणि मनगटं गार ठेवा. आणि नवऱ्याला थंडी वाजत असेल तर त्याचं पांघरूण वेगळं, तुमचं वेगळं. एकाच पलंगावर दोन बिछाने करता येतात की.

प्रभावती खुर्चीत तशीच बसून राहिली. एकाच पलंगावर दोन बिछाने. एवढंच होतं. तिच्या मनात एवढंही आलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं पलंगाची पेटी उघडली आणि कापसाची गादी बाहेर काढली. रेल्वे फाटकाजवळच्या रुईवाल्याकडून तिच्यातला कापूस मशीनवर पिंजून घेतला, त्यात नवा घालून दोन गाद्या भरून घेतल्या, तीन-तीन फुटी. तो म्हणाला, आजकल कोई नहीं बनवाता, आंटी, सब फोम ले जाते हैं. त्याच्याच माणसाला घरी बोलावून तिनं फोमची गादी सुरीनं मधोमध कापून घेतली. वैभवी बघत राहिली. भिंतीकडच्या निम्म्या भागात फोम राहिला, तो बळवंतचा. खिडकीकडच्या भागात कापसाच्या दोन गाद्या एकावर एक, उंची बरोबर जुळली. त्यांवर जुन्या मलमलच्या साडीची चादर. कूलरची झडप तिनं अशी वळवली की वारा फक्त खिडकीकडच्या अंगावर यावा. भिंतीकडे जाऊन स्वतः पाय उघडे टाकून अर्धा तास पडून पाहिलं, वारा लागतो का. नाही लागला. त्या बाजूला तिनं मेंदी रंगाची मखमली चादर अर्धी दुमडून घातली, वर त्याची रजई, पायथ्याशी लोकरीचे मोजे. उरलेला फोम पेटीत गेला.

त्या रात्री तिला घाम आला, पण कापसानं तो पिऊन टाकला. एक पातळ चादर बाजूला केली, मानेवर पंचा ठेवला, आणि पुन्हा डोळा लागला. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. आठवड्याला तीन-चार रात्री सलग झोपेच्या मिळायला लागल्या. शेजारची बाजू रोज सकाळी झटकून ती नीट करायची, जणू कुणी झोपून उठलं होतं.

बळवंत तोवर आसामातल्या एका डेपोवर पोचला होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येणार हे ठाऊक असल्यामुळे वैभवी मुद्दाम खाली दूध आणायला गेली. जाताना म्हणाली, बोल आज. प्रभावती पलंगावर, आपल्या बाजूला बसली.

“बाकी सगळं ठीक?” त्यानं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं सांगितलं. घाम, गाऊन, फोम, चटई, गार फरशी. पाळी हा शब्द नवऱ्यापाशी उच्चारताना तिनं डोळे मिटून घेतले, पण उच्चारला. म्हणाली, “ते सवयीचं बोलले ना मी, ते खोटं होतं. मला लाज वाटली म्हणून बोलले.”

 तिकडून कुणाची तरी शिट्टी ऐकू आली, बूट वाजले. 

“मला वाटलं,” बळवंत म्हणाला, “या घरात माझी जागाच नव्हती कधी. तुमचं दोघींचं सगळं बसलेलं. मी आपला मधे येऊन पलंग मांडला.”

“असं कसं वाटलं तुम्हाला?”

“पत्र आलं तेव्हा वाट बघितली मी. तू म्हणशील, नका जाऊ.” तो थांबला. “तू चटणीचं विचारलंस.”

प्रभावतीला रडू फुटलं. फोनवर रडायचं नसतं, पण आता त्या नियमाला कोण विचारतो. ती म्हणाली, या ना परत. सोडून द्या. मी दोन बिछाने केलेत, तुमच्या बाजूला वारा लागत नाही, मी पडून बघितलंय.

“सही केलीय, प्रभा. दहा वर्षांची. मधेच सोडायचं तर कारण लिहून द्यावं लागतं, साहेबासमोर उभं राहून.” तो रागावला नव्हता. दमला होता. “काय लिहू अर्जात? बायकोला घाम येत होता?”

  रजा केव्हा मिळेल असं तिनं विचारलं, तर म्हणाला, नव्या माणसाला लवकर मिळत नाही, मार्चनंतर बघू. पायांचं विचारलं, तर म्हणाला, इकडे ओल फार आहे. मागं कुणीतरी हाक मारली. पहाऱ्याची वेळ झाली होती. घाईघाईत त्याच्या तोंडून नेहमीचंच वाक्य निघालं, “बरं, बाकी सगळं ठीक?”

“सगळं ठीक,” ती म्हणाली.

वैभवी दूध घेऊन आली तेव्हा आई अंधारातच बसली होती. तिनं दिवा लावला, आईकडे पाहिलं, आणि ताटं घेतली. दोघी जेवल्या. प्रभावती आपल्या बाजूला मलमलवर आडवी झाली. तिला वाटलं होतं, आज झोप लागायची नाही. पण कापूस ताजा पिंजलेला होता, वारा गार होता, आणि नऊ महिन्यांच्या झोपेची थकबाकी अंगावर होती.

सकाळी तिला जाग आली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं. गाऊन कोरडा होता. तांब्यातलं पाणी होतं तेवढंच होतं. रात्री ती एकदाही उठली नव्हती. शेजारी रजई काल घातली तशीच, एकही चुणी न पडलेली. वैभवीनं दारातून विचारलं, झोप लागली का गं?

“लागली,” प्रभावती म्हणाली, आणि ते खरं होतं. घाबरली ती त्यालाच. ज्या सवयीचं खोटं तिनं तव्याकडे तोंड करून सांगितलं होतं, ती सवय व्हायला आता तिच्यापाशी दहा वर्षं होती. तिनं उठून भिंतीकडची रजई झटकली आणि पुन्हा घडी घालून ठेवली.